१२३४५६७८९८७६५४३२१ : सम की विषम, विपुल की न्यून? वर्गीकरण तपासून हवं आहे

अवयवशोध (प्रश्न)

१२३४५६७८९८७६५४३२१ या १७ अंकी संख्येचं वर्गीकरण करायचं आहे. मूळ अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती आणि त्यावरून ती परिपूर्ण (विभाजकांची बेरीज संख्येच्या दुपटीइतकी), विपुल (दुपटीहून जास्त) की न्यून (दुपटीहून कमी). शिवाय हर्षद, हॅपी, स्मिथ, त्रिकोणी यांपैकी ती कशात बसते हेही हवं. नऊ एके, म्हणजे १११११११११, यांचा ती वर्ग आहे एवढं नक्की. पुढे तीन ठिकाणी अडलंय.

एक. एक्सेलच्या सेलमध्ये संख्या टाकून एंटर दाबलं की १२३४५६७८९८७६५४३०० उरते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्ट १२३४५६७८९८७६५४३२० दाखवतं. दोन्हीकडे २ ने पूर्ण भाग जातो, जे शक्यच नाही.

दोन. १११११११११ = ३^२ × ३७ × ३३३६६७. हिच्या विभाजकांची बेरीज १३ × ३८ × ३३३६६८ = १६४८३१९९२. १७ अंकी संख्या हिचा वर्ग आहे म्हणून या बेरजेचाही वर्ग केला, तो साधारण २.७१७ × १०^१६ येतो. संख्येची दुप्पट साधारण २.४६९ × १०^१६. बेरीज दुपटीपेक्षा मोठी, म्हणजे संख्या विपुल. हे बरोबर आहे का?

तीन. ३३३६६७ मूळ आहे हे दाखवायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग लावत बसावं लागेल का?

बाकीशून्य

पहिल्या अडचणीचं उत्तर देतो, कारण ती सुटल्याशिवाय पुढची कुठलीच तपासणी यंत्रावर भरवशाची नाही.

जावास्क्रिप्टमधली साधी संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट मांडणीत साठवली जाते. या मांडणीत २^५३ = ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. तिथून २^५४ पर्यंत फक्त सम पूर्णांक मावतात. तुमची संख्या याच पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, म्हणून तिला जागा मिळत नाही. शेवटचे तीन अंक ३२० आणि ३२२ असलेल्या दोन शेजाऱ्यांच्या ती बरोबर मध्ये येते. असं झालं की ज्या शेजाऱ्याचा शेवटचा साठवलेला बिट ० आहे तो निवडायचा असा नियम आहे. ३२० वाल्याचं अर्ध ६१७२८३९४९३८२७१६०, म्हणजे सम. ३२२ वाल्याचं अर्ध १६१ वर संपतं, म्हणजे विषम. म्हणून ३२०.

एक्सेलचं कारण वेगळं. ते पहिले १५ अर्थपूर्ण अंक ठेवतं आणि पुढच्यांच्या जागी शून्य घालतं, म्हणून शेवटच्या २१ चे ०० झाले. सेल आधीच टेक्स्ट केला तर १७ अंक दिसतील, पण त्यावर गणित करायला गेलात की पुन्हा १५ अंकच उरतात. या कामाला स्प्रेडशीट नकोच.

जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट (लांब पूर्णांक नेमके ठेवणारा प्रकार) वापरा, म्हणजे संख्येच्या शेवटी इंग्रजी एन अक्षर जोडा. बिगइंट फंक्शनला संख्या देत असाल तर अवतरणात द्या. अवतरणाशिवाय दिलीत तर फंक्शनपर्यंत पोचायच्या आतच तिची ३२० झालेली असते, आणि मग चुकीच्या संख्येचं अगदी अचूक गणित हाती येतं. पायथनमध्ये पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही, तिथे बाकी काढण्याचं चिन्ह निर्धास्त वापरा.

पायथनमध्येही एक खड्डा आहे. पूर्ण वर्ग तपासायला नेहमीचं वर्गमुळाचं फंक्शन वापरू नका. ते संख्या आधी फ्लोटिंग पॉइंटमध्ये नेतं. शेवटी ३१९, ३२०, ३२१ आणि ३२२ असलेल्या चारही संख्यांचं वर्गमूळ ते १११११११११.० असंच देतं, कारण त्या आकाराच्या आसपास दोन शेजारच्या साठवता येणाऱ्या किमतींत २^−२६ चं अंतर असतं आणि इथला फरक त्यात गिळला जातो. म्हणजे चार सलग संख्या पूर्ण वर्ग ठरतील. पूर्णांकी वर्गमूळ देणारं आयएसक्यूआरटी फंक्शन वापरा, आलेल्या मुळाचा वर्ग करा आणि तो मूळ संख्येशी जुळतो का ते बघा.

घातांक

दुसरा मुद्दा. नाही, संख्या विपुल नाही. चूक नेमकी वर्ग करण्याच्या पायरीत आहे.

विभाजकांची बेरीज गुणाकारातून सुटी होते, पण दोन भागांत एकही सामाईक मूळ अवयव नसेल तरच. १११११११११ ला स्वतःनेच गुणलं की सगळेच अवयव सामाईक. छोट्यात बघा: ३७ चे विभाजक १ आणि ३७, बेरीज ३८. ३७^२ चे विभाजक १, ३७ आणि १३६९, बेरीज १४०७. तुम्ही घेतलेला ३८ चा वर्ग १४४४ येतो. फरक ३७ चा, कारण वर्ग करताना ३७ दोनदा मोजला गेला (१ × ३७ आणि ३७ × १). तीच गोष्ट ३ बाबत जास्त महागात पडते: खरी बेरीज १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, तुमची १३ × १३ = १६९. एवढ्या एका जागेमुळे उत्तर न्यूनमधून विपुलमध्ये गेलं.

आता नीट करू.

संख्या = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं, (४+१)(२+१)(२+१) = ४५. विषम आलं. पूर्ण वर्गाच्या बाबतीत ते तसंच यायला हवं.

३३३६६७ चा वर्ग हातानेही पटकन होतो. ३३३६६७ × ३ = १००१००१, त्याचा वर्ग १००२००३००२००१, त्याला ९ ने भागा: १११३३३६६६८८९. म्हणून तिसऱ्या अवयवाची बेरीज १ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७.

एकूण बेरीज = १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १७०२४७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९.

संख्येची दुप्पट २४६९१३५७९७५३०८६४२. बेरीज तिला ५७३७०७८३८२४८१०६३ ने कमी पडते. संख्या न्यून आहे. स्वतःला वगळून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८.

खरं तर न्यून की विपुल हे ठरवायला हा गुणाकार लागतच नाही. घातांक कितीही वाढवले तरी बेरीज आणि संख्या यांचं गुणोत्तर प्रत्येक मूळ अवयवाच्या (मूळ ÷ मूळ वजा १) या किमतींच्या गुणाकाराखालीच राहतं. इथे ३/२ × ३७/३६ × ३३३६६७/३३३६६६, म्हणजे साधारण १.५४१७. दोनपर्यंत पोचणं अशक्य. फक्त या तीन मूळ अवयवांची कुठलीही संख्या न्यूनच असणार. प्रत्यक्ष गुणोत्तर १.५३५३ आहे.

आणि तुमचं उत्तर चुकलंय हे शेवटच्या अंकावरूनच कळलं असतं. विषम पूर्ण वर्गाला विभाजकांची संख्या विषम आणि प्रत्येक विभाजकही विषम, म्हणून बेरीज विषमच येते. १६४८३१९९२ चा वर्ग सम आहे. ही तपासणी दोन सेकंदांची आहे, दर वेळी करत जा.

बाकीशून्य

वरच्या बेरजेची आणखी एक पडताळणी जोडतो, कारण १७ अंकी गुणाकारात एखादा हातचा राहून जाणं सहज होतं.

१२१ मध्ये ११ आहे, १४०७ = ७ × २०१, आणि १११३३४०००५५७ ला १३ ने भाग जातो. म्हणजे उत्तराला ७, ११ आणि १३ या तिन्हींनी, अर्थात १००१ ने भाग जायलाच हवा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आळीपाळीने अधिक-वजा करा:

५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ = १००१

जुळलं. गट तीन-तीनचेच हवेत. लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकून १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असं लिहिलं असेल आणि तेच गट धरून ही कसोटी लावली तर उत्तर निरर्थक येतं.

१२३४५६७८९८७६५४३२१ वरही हीच रीत लावा: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. याला ७, ११, १३ पैकी कशानेच भाग जात नाही, त्यामुळे संख्येलाही नाही. तेच गट नुसते मिळवलेत तर २९९७ = ३ × ९९९. म्हणून संख्येला ९९९ ने, पर्यायाने २७ आणि ३७ ने, भाग जातो. ३७ शोधायला एवढं पुरतं.

एकांकी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. त्यातल्या फक्त १७ तपासाव्या लागतात. कारण असं.

१००१००१ = ३ × ३३३६६७. समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून प ३ नाही. प १००१००१ लाही भागते. आता १००१००१ × ९९९ = १०^९ − १, त्यामुळे प ने भागल्यावर १०^९ ची बाकी १ येते. १० चा कितवा घात सगळ्यात आधी १ ही बाकी देतो? ९ चा विभाजकच असायला हवा: १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असता तर १००० ची बाकी १ आली असती, मग १००१००१ = १०००^२ + १००० + १ ची बाकी १ + १ + १ = ३ आली असती, आणि ती शून्य हवी म्हणजे प = ३. ते तर आपण आधीच बाद केलं. उरतो ९. आणि हा घात नेहमी प − १ ला भागतो. म्हणजे प − १ ला ९ ने भाग जातो. प विषम आहे, म्हणून १८ नेही.

थोडक्यात, १८ ने भागून बाकी १ उरते अशाच मूळ संख्या बघायच्या. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणून ५७७ धरून थांबायचं. कंसात ३३३६६७ ला भागल्यावरची बाकी:

१९ (८), ३७ (१), ७३ (५७), १०९ (१८), १२७ (३८), १६३ (६), १८१ (८४), १९९ (१४३), २७१ (६६), ३०७ (२६५), ३७९ (१४७), ३९७ (१८७), ४३३ (२५७), ४८७ (७२), ५२३ (५१६), ५४१ (४११), ५७७ (१६१).

एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ.

यादी करताना ५५, ९१, १४५, २१७ असे संयुक्त आकडेही १८ च्या पायरीवर येतात, ते गाळा. आणि ३७ गाळू नका. तो १११ मधून आधीच बाहेर आलाय म्हणून लोक तो सोडतात, पण एकदा आलेला अवयव पुन्हा येऊ शकतो. इथे बाकी १ आली म्हणून तो नाही हे ठरलं.

अवयवशोध

बेरजेतली चूक समजली, दुप्पट मोजणी लक्षातच आली नव्हती. १७ भागाकार हातानेही करून पाहिले, बाक्या जुळल्या.

आता अंकांवर आधारलेले प्रकार. अंकांची बेरीज ८१ आणि संख्येला ८१ ने भाग जातो, म्हणजे हर्षद. हॅपीही आपोआप झाली ना? आणि १११११११११ ला कापरेकर संख्या म्हणता येईल का?

अंकमूळ

हर्षद बरोबर. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे (यात ८ नाही, लिहिताना हमखास घुसतो).

हॅपी मात्र आपोआप होत नाही. दोन्ही नावांचा अर्थ आनंदाकडे जातो म्हणून घोटाळा होतो, पण व्याख्या वेगळ्या आहेत. हर्षद हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलेलं, त्यात संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भागायचं असतं. हॅपीमध्ये अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा घ्यायची आणि ती १ वर पोचते का ते पाहायचं. इथे १ ते ८ च्या वर्गांची बेरीज २०४, तिची दुप्पट ४०८, मधल्या ९ चे ८१, एकूण ४८९. पुढे ४८९ → १६१ → ३८ → ७३ → ५८ → ८९. ८९ आलं की थांबा. ते आठ संख्यांच्या चक्रातलं आहे, तिथून १ कधीच येत नाही. हॅपी नाही.

स्मिथ: मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज, प्रत्येक अवयव जितक्यांदा येतो तितक्यांदा धरून. ३ चार वेळा म्हणजे १२, ३७ दोनदा म्हणजे २०, ३३३६६७ दोनदा म्हणजे ५६. एकूण ८८. संख्येच्या अंकांची बेरीज ८१. दोन्ही सारख्या हव्यात, म्हणून नाही.

त्रिकोणी, म्हणजे १ पासून सलग संख्यांची बेरीज (१, १ + २, १ + २ + ३…): जे वर्ग त्रिकोणीही असतात त्यांची वर्गमुळं १, ६, ३५, २०४ अशी चालतात; पुढचं वर्गमूळ = सहापट आताचं वजा मागचं. ही माळ ४६६१११७९ वरून थेट २७१६६९८६० वर जाते. १११११११११ मध्येच राहतं. नाही.

कापरेकर: वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज मूळ संख्येइतकी यायला हवी. उजवीकडे नऊ अंक ठेवा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. ही १११११११११ नाही, म्हणून कापरेकर संख्या नाही. पण बेरीज इतकी गोल का आली ते बघण्यासारखं आहे. १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९. तो ९ दुसऱ्या १११११११११ ला दिला की

संख्या = १२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९

या वजाबाकीत डावा भाग एकाने कमी होऊन १२३४५६७८ होतो आणि उजवा भाग १००००००००० − १२३४५६७९ = ९८७६५४३२१. आधी चढणारे अंक आणि मग उतरणारे अंक दोन्ही या एका ओळीत दिसतात.

घातांक

यादीत नव्हतं, पण ही संख्या दोन शून्येतर वर्गांची बेरीजही आहे, आणि एकाच प्रकारे. ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारे अवयव (३ आणि ३३३६६७) सम घातांकाने आलेत, त्यामुळे ते आड येत नाहीत. ३७ ची बाकी १ आहे आणि ३७^२ = ३५^२ + १२^२. ९ × ३३३६६७ = ३००३००३ ने दोन्ही बाजू वाढवा:

१११११११११^२ = १०५१०५१०५^२ + ३६०३६०३६^२

पायथागोरसचं त्रिकूटच आहे हे. क्रम बदलणं आणि चिन्ह बदलणं सोडलं तर दुसरी जोडी नाही.

१२३४५६७८९८७६५४३२१ हून लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या ५४ × १३३२ × १११३३३३३३२२२ = ८००७९८३९९१९९२०१६. इथेही तीच खबरदारी घ्या: ३७^२ साठी ३७ × ३६ = १३३२ धरायचे, ३६ × ३६ नाही.

वर्ग आहे पण चौथा घात नाही, कारण घातांक ४, २, २ यांचा मसावि २.

अवयवशोध

एक शेवटचं. हाच चढउतार पुढे नेला तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ हाही दहा एक्यांचा वर्ग असेल ना?

एकांकी

नाही. १११११११११^२ मध्ये मधल्या जागी नऊ एके जमतात, तिथे ९ मावतो. दहा एके घेतले की मधल्या जागी १० जमतात, हातचा डावीकडे जातो आणि तिथल्या ९ चेही १० होतात, म्हणून तो आणखी एक घर सरकतो. खरा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१, १९ अंकी, आणि तो उलटसुलट सारखा नाही. तुम्ही लिहिलेली संख्या २० अंकी आहे आणि ती वर्ग तर नाहीच, चक्क मूळ संख्या आहे.

बंधन दहाच्या पायाचं आहे. आठच्या पायात हा जिना सात एक्यांपर्यंत टिकतो, सोळाच्या पायात पंधरापर्यंत.